पी. पी. कॉल

शहरातल्या जुन्या टेलिफोन कंपनीच्या मुख्य कचेरीत आता एकही टेलिफोन नाही. रिसेप्शनवरच्या बाईने पहिल्याच दिवशी मला हे हसतहसत सांगितलं. वर डिझाईनवाल्यांची ऑफिसं आहेत, खाली कॉफीचं दुकान आहे आणि ज्याच्या त्याच्या हातात मोबाईल आहे. इमारत मात्र जपून ठेवली आहे. बाहेरून पांढरी, आतून थंडगार, आणि जिन्याचे कठडे इतके जाड की मुठीत मावत नाहीत. मी त्या कंपनीचा आणि तिच्या या घराचा इतिहास लिहायला घेतला होता. काम काही मी मागून घेतलेलं नव्हतं. युनिव्हर्सिटीतल्या एका प्रकल्पात प्रत्येकाच्या वाट्याला शहरातली एकेक संस्था आली. मला बंदर हवं होतं, कारण नवरा जहाजावर इंजिनिअर, निदान घरात बोलायला विषय झाला असता. बंदर दुसऱ्याने पटकावलं आणि माझ्या पदरात टेलिफोन पडला. मी चरफडले आणि कामाला लागले.

त्याच सुमारास माझ्या सासूबाई चेहरे विसरायला लागल्या.

त्यांना मी आईच म्हणते. सासरे गेल्यावर त्या मुंबईहून आमच्याकडे सिंगापूरला, क्लेमेंटीच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या. तोंडाने फटकळ, हाताला चव, आणि दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात पहिल्या दिवसापासून डबे हलवणाऱ्या. आमचं चांगलं जमायचं, म्हणजे रोज एकदा तरी वाजायचं. दिवसा त्या ब्लॉकखालच्या, म्हाताऱ्या माणसांच्या डे-केअरला जायच्या आणि तिथल्या चिनी आजीबाईंना मराठीतच दटावायच्या. विसरणं सुरू झालं ते फार विचित्र पद्धतीने. औषधं लक्षात, देवाची स्तोत्रं लक्षात, लग्नातल्या मानापमानाचा तर शब्दन् शब्द लक्षात. फक्त चेहरा आणि माणूस यांची गाठ सुटत चालली. डॉक्टर म्हणाले, असं होतं काहींचं, घरात जेवढं ओळखीचं ठेवता येईल तेवढं ठेवा.

भिंतीवर नवऱ्याचा गणवेशातला फोटो होता. एका सकाळी आई त्यासमोर उभं राहून म्हणाल्या, "हे कोण गं? खोली घेतलेले का?" क्लेमेंटीत विद्यार्थ्यांना खोली भाड्याने देणं घरोघरी चालतं आणि आमच्याकडेही पूर्वी एक मुलगी राहून गेली होती. तेव्हा प्रश्न तसा जगावेगळा नव्हता. माझ्या काळजात धस्स झालं ते त्या ज्या नम्रपणे विचारत होत्या, त्यामुळे. आपल्या मुलाबद्दल कुणी इतक्या नम्रपणे विचारत नाही.

नवरा तेव्हा जहाजावर होता आणि चायनीज न्यू इयरच्या सुमारास घरी येणार होता. दर रविवारी त्याचा फोन यायचा आणि फोनवर आईंना तो पुरता ओळखू यायचा. आवाज ऐकला की त्या सरळ बसायच्या. सर्दी झाली का, जेवला नाहीस का, मागच्या वेळी म्हणालास तो खलाशी सुधारला का. कुठेही अडखळणं नाही. मला तर वाटायचं डॉक्टरांनाच काही कळत नाही. मग एका रविवारी जहाजावरचं नेट चांगलं होतं म्हणून त्याने व्हिडिओ लावला. आईंनी क्षणभर पडद्याकडे पाहिलं, फोन उपडा केला आणि कानाला लावून म्हणाल्या, "अरे, मध्येच कुणीतरी माणूस दिसायला लागला. त्याला बाजूला व्हायला सांग."

नंतर तो मला वेगळा फोन करून म्हणाला, "स्क्रीन लहान असते ना. समोर आलो की ओळखेल."

"ओळखतील," मी म्हटलं.

तेव्हापासून आमच्या घरात एकच प्रश्न उरला होता. तो दारातून आत आल्यावर त्याची आई त्याला ओळखेल की नाही?

आता आईंच्या आवाजांवरच्या विश्वासाचं सांगते. लग्नाआधी आणि नंतरही बरीच वर्षं आई मुंबईत परदेशी कॉल जोडायच्या एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. त्या काळात सिंगापूरला बोलायचं तर कॉल बुक करून तासन्‌तास बसावं लागे. साधा कॉल म्हणजे तिकडे कुणीही उचलला तरी चाललं. पी. पी. कॉल म्हणजे ठरावीक माणसालाच द्यायचा. त्यात ऑपरेटरची जबाबदारी मोठी. पलीकडची ऑपरेटर त्या माणसाला शोधायची, तोच आहे ना याची खात्री करून घ्यायची आणि मग सांगायची, 'युवर पार्टी इज ऑन द लाईन.' तिने सांगितलं की संपलं. या बाजूच्या ऑपरेटरने पुन्हा शंका घ्यायची नाही. आई हे सांगताना नेहमी बोट उगारायच्या. चेहरा पाहायची सोय नसताना त्यांनी आयुष्यभर माणसं ओळखून त्यांच्या माणसांच्या हवाली केली, याचा त्यांना फार अभिमान होता.

ऑपरेटरने आपलं नाव सांगायचं नाही असा नियम होता. गावाचं नाव तेच तिचं नाव. आई 'बॉम्बे' आणि पलीकडची 'सिंगापूर'. वायरलेसवरून येणारी लाईन, कधी स्वच्छ तर कधी एकदम विरून जायची. ती जिवंत आहे ना हे कळावं म्हणून कॉल नसतानाही दोघींनी मधूनमधून बोलत राहायचं अशी पद्धत होती. 'ऐकू येतंय?' 'येतंय.' बाकी मग गप्पा. सिंगापूर त्यांची जिवाभावाची मैत्रीण झाली. तिच्या टेबलापाशी एक खिडकी होती, खिडकीबाहेर मोठा रेन ट्री, आणि संध्याकाळ झाली की त्याची पानं मिटायची. पानं मिटली की सिंगापूर सांगायची, 'बॉम्बे, झाड झोपलं.' मी लग्न होऊन आले तेव्हापासून हे झाड ऐकत आले होते.

विसरणं वाढलं तसं हे बोलणं परत आलं. आमच्या हॉलच्या भिंतीत जमिनीजवळ टेलिफोनचं जुनं सॉकेट आहे. त्याला कधीच काही जोडलेलं नाही. आई त्याच्याजवळ खुर्ची ओढून बसायला लागल्या. भर दुपारी, मी जेवणाच्या टेबलावर टिपणं काढत असताना, मागून आवाज यायचा. "ऐकू येतंय?" जरा वेळ शांतता. मग आई समाधानाने मान हलवायच्या. पहिल्यांदा मी म्हटलं, "येतंय, आई." त्यांनी वळून माझ्याकडे रागाने पाहिलं.

"तुला नाही विचारलं," त्या म्हणाल्या.

मी इतिहास शिकवणारी बाई, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. तरी एकदा आई डे-केअरला गेल्या असताना मी गुडघ्यांवर बसून त्या सॉकेटला कान लावला. कुणी पाहिलं असतं तर दोघींनाही एकदम दवाखान्यात नेलं असतं. आतून काही आलं नाही. वरच्या मजल्यावर कुणीतरी नळ सोडला होता, तेवढंच. पण त्यानंतर त्या भिंतीकडे पाठ करून बसणं मी सोडलं.

दिवसा मी त्या कंपनीच्या मागे होते. सुरुवातीला ती बाहेरच्या साहेबांची होती. मग ती शहराच्या मालकीची झाली आणि तेव्हा तिला असा तोरा चढला की सरकारी खात्यांशीही ती बरोबरीने बोलायची. गावातल्या सगळ्या तारा तिच्या. समुद्रापलीकडच्या लाईनी दुसऱ्या खात्याच्या, पण त्यांच्या मुली याच इमारतीत, वरच्या मजल्यावर बसायच्या, वेगळ्या जिन्याने यायच्या आणि खालच्या मुलींशी फारशा बोलायच्या नाहीत. कॉल करणारा माणूस होक्कियेन, मलाय, तमीळ, इंग्रजी, कशातही नंबर सांगे आणि मुलीने तो चुकवायचा नाही. पुढे आपोआप जोडणारी यंत्रं आली, बोर्डासमोरच्या खुर्च्या एकेक करून रिकाम्या झाल्या. शेवटी दोन्ही खाती एक करण्यात आली आणि कंपनीचं नाव दारावरून उतरलं. कागदावर एवढंच. खरं काय होतं ते विचारायला मी सेरंगूनला एका निवृत्त सुपरवायझरबाईंकडे गेले.

बाई ऐंशीच्या पुढच्या, चिनी, ताठ बसणाऱ्या. मॉलमधल्या फूड कोर्टात आम्ही भेटलो. कोपी, म्हणजे इथली कॉफी, मागवली आणि बाईंनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं थकल्या असतील. त्या म्हणाल्या, "यू टॉक, आय लिसन. डोळे उघडे असले की मला नीट ऐकू येत नाही." मग सबंध वेळ त्या मिटल्या डोळ्यांनीच बोलल्या. समोर बसलेल्या मिटल्या डोळ्यांच्या माणसाला प्रश्न विचारणं सोपं नसतं. मी कॉफीच्या कपाला प्रश्न विचारत राहिले.

मी त्यांना आईंबद्दल सांगितलं. बॉम्बे, सिंगापूर, खिडकी, रेन ट्री.

"विंडो?" बाई हसल्या. "व्हेअर गॉट विंडो? त्या खोलीला खिडकी नव्हतीच. धूळ आत आली असती ना. चारी बाजूंनी भिंत."

"मग ती मैत्रीण खोटं बोलत होती?"

"कोण मैत्रीण?" बाई म्हणाल्या. "सिंगापूर म्हणजे आम्ही सगळ्या, लाह."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी टिपून घेतलं नाही, कारण माझं पेन थांबलं होतं. पलीकडच्या गावाला माणूस बदलल्याचं कळू नये अशी त्यांची शिकवण होती. नवी मुलगी आली की आधी तिला 'सिंगापूर'चा आवाज शिकवायचा. पट्टी, वेग, हसणं, श्वास घेण्याची जागा. पाळी बदलताना उठणारी मुलगी बसणाऱ्या मुलीला कॉलचं सांगायची आणि शेवटी गप्पांचंही सांगायची. बॉम्बेच्या घरी पाहुणे आहेत. बॉम्बेला ताप आहे. बॉम्बेला मुलगा झाला. कधीतरी कुणा एकीने कंटाळून खिडकी आणि झाड सांगितलं, आणि मग पुढच्या प्रत्येकीला ते झाड सांभाळावं लागलं.

"मी पण सांभाळलं," बाई म्हणाल्या. मग डोळे तसेच मिटलेले ठेवून त्या वेगळ्याच आवाजात, कोवळ्या, जरा गात असल्यासारख्या आवाजात म्हणाल्या, "हिअरिंग यू, बॉम्बे. द ट्री इज स्लीपिंग."

आजूबाजूला ट्रे आपटत होते, लहान मुलं आईसक्रीमसाठी रडत होती, आणि त्या सुरकुतलेल्या गळ्यातून विशीतली मुलगी बोलून गेली. बाईंनी डोळे उघडले, कोपीचा घोट घेतला आणि मला विचारलं, "तुझी सासू तरी एकटीच बॉम्बे होती का?"

हे मी आईंना विचारलं नाही. विचारायचं नाही असं परतताना एमआरटीच्या गाडीत बसल्यावरच ठरवलं. ज्या बाईकडे आता मोजकीच माणसं उरली आहेत, तिच्याकडून एक मैत्रीण काढून घेण्याचा मला काय अधिकार? पण घरी येईपर्यंत मी तो आवाज तोंडातल्या तोंडात घोळवत होते. पट्टी कुठे चढते, श्वास कुठे घ्यायचा. का ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

डॉक्टरांचं ओळखीच्या गोष्टींबद्दलचं बोलणं माझ्या डोक्यात होतं. एका दुपारी मी आईंना ती इमारत दाखवायला नेलं. रिसेप्शनवरच्या बाईने वर जायला परवानगी दिली. मी लिफ्टकडे वळले तर आई सरळ मागच्या बाजूच्या जिन्याकडे गेल्या, त्या वेगळ्या जिन्याकडे, आणि कठड्यावर हात ठेवून चढायला लागल्या. या इमारतीत त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं. "आई, इकडून," मी म्हटलं.

"आम्ही इकडून जातो," त्या म्हणाल्या.

मी स्वतःला समजावलं. इतकी वर्षं गप्पांत ऐकलेलं असणार, जिना, मजला, सगळंच. वरच्या मजल्यावरची ती खोली आता मीटिंगची खोली आहे, त्या दिवशी रिकामी होती. लांब टेबल, चाकांच्या खुर्च्या, एसीची घरघर. आणि समोरच्या भिंतीत मोठी खिडकी. नूतनीकरण करताना भिंत फोडून बसवलेली, हे मी नकाशात पाहिलं होतं, पण नकाशात बाहेरचं दाखवत नाहीत. बाहेर रेन ट्री होता. खिडकीची सगळी चौकट त्याने भरून टाकली होती. वीसेक वर्षांपूर्वी कुणीतरी रस्त्याच्या कडेला लावला असेल. या शहरात रेन ट्री जागोजागी आहेत, त्यात नवल ते काय. मी दाराची चौकट धरून उभी राहिले.

आईंना मात्र काहीच नवल वाटलं नाही. त्या खिडकीसमोरच्या खुर्चीत बसल्या, पदर सारखा केला, आणि मागे न बघता इंग्रजीत म्हणाल्या, "सिंगापूर, ऐकू येतंय?"

एसी चालू होता. आभाळ भरून अंधारून आलं होतं आणि दुपारीच झाडाची पानं मिटायला लागली होती. आई वाट पाहत होत्या. घरी त्या थोडा वेळ थांबून मान हलवायच्या, इथे हलवेनात. पुन्हा म्हणाल्या, "सिंगापूर?" आणि या वेळी त्यांच्या आवाजात घाबरलेपण होतं. मला ते सहन झालं नाही. त्यांच्या पाठीमागे उभं राहून मी तो कोवळा, गाणारा आवाज काढला.

"हिअरिंग यू, बॉम्बे."

मला वाटलं आता त्या वळून बघतील आणि मला फाडकन काहीतरी बोलतील. त्या वळल्या नाहीत. खांदे सैल सोडले. "आज फार उशीर केलास," म्हणाल्या. मग कामाचं बोलायच्या सुरात, "एक पी. पी. बुक कर. माझ्या मुलासाठी. जहाजावर आहे." आणि त्यांनी नवऱ्याचं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, एकेक अक्षर सुटं करून.

"बुक्ड, बॉम्बे," मी म्हटलं. "लागला की सांगते."

परतताना टॅक्सीत पाऊस कोसळत होता. आई माझा हात धरून बसल्या होत्या आणि मी कोण आहे हे त्यांना त्या वेळी माहीत होतं की नाही, हे विचारायची मला हिंमत झाली नाही. आपण काय करून बसलो, असं मला वाटत होतं. दुसऱ्या दिवशी मी सेरंगूनच्या बाईंना फोन केला. मला कुणीतरी रागवावं असं वाटत होतं. त्या रागावल्या नाहीत. सगळं ऐकून घेऊन एवढंच म्हणाल्या, "मग आता तुझी पाळी."

चायनीज न्यू इयरच्या आधी, लिफ्टच्या दाराशी संत्र्यांची झाडं मांडलेली असताना नवरा घरी आला. दार मी उघडलं. त्याने बॅग खाली टाकली आणि सोफ्यावर बसलेल्या आईंपुढे जाऊन गुडघ्यांवर बसला.

"आई," तो म्हणाला.

आईंनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग त्याच्या ओठांकडे. त्या हळूहळू मागे सरकत गेल्या, सोफ्याच्या पाठीला टेकेपर्यंत, आणि माझ्याकडे बघून कुजबुजल्या, "अगं, हे माझ्या मुलाच्या आवाजात बोलतायत."

मी त्याला आधी सावध करून ठेवलं होतं. ओळखणार नाहीत कदाचित, असं स्पष्ट सांगितलं होतं. पण हे आमच्या दोघांच्या स्वप्नातही नव्हतं. परका माणूस घरात आला तर त्यांनी त्याला चहा दिला असता. हा परका माणूस त्यांच्या मुलाचा आवाज घेऊन आला होता. तो जितकं समजावून सांगे, "आई, मीच आहे गं," तितक्या त्या भेदरून जात. संध्याकाळी त्यांनी खोलीचं दार आतून लावून घेतलं. नवरा दाराबाहेर बराच वेळ उभा होता आणि तोंडातून शब्द काढायची त्याला चोरी होती.

त्यानंतर तो आईंसमोर बोलेनासा झाला. स्वतःच्या घरात मुका होऊन वावरायला लागला. मला काही सांगायचं तर स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायचा किंवा खाली ब्लॉकपाशी नेऊन बोलायचा. तो गप्प राहिल्यावर आईंची भीती मावळली. खोली घेतलेले गृहस्थ म्हणून त्यांनी त्याला मान्य केलं. त्याने चहा करून पुढे ठेवला की "कशाला तुम्ही" म्हणायच्या आणि प्यायच्या.

पण रविवार आला आणि गेला. मुलाचा फोन आला नाही. येणार कसा, मुलगा समोर बसून शेंगा सोलत होता. दुसरा रविवारही तसाच गेला. आईंनी जेवण टाकलं. फोन मांडीवर घेऊन बसायच्या आणि मला विचारायच्या, "जहाजाला काही झालं नाही ना? खरं सांग." मी काय सांगणार? तो सुखरूप आहे म्हटलं की, मग फोन का नाही? नवरा मला म्हणाला, "मी आलो म्हणून तिचा मुलगा हरवला." हे बोलताना तो खालच्या बाकावर बसला होता आणि रडत होता. आमच्या इतक्या वर्षांच्या संसारात मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं. मला इतका राग आला, कुणाचा ते मलाच कळेना, डॉक्टरांचा, त्या इमारतीचा, त्या झाडाचा.

त्याने बेडरूममधून फोन करून पाहिला. आईंनी उचलला, आवाज ऐकला, आणि त्यांचा चेहरा आधी उजळला, मग आक्रसला. "कोण बोलतंय? तुम्ही खोलीतले ना?" त्या म्हणाल्या आणि फोन बंद केला. आता त्यांचा आवाजावरचा विश्वासही गेला होता. समोरून फसवणारा माणूस तारेवरूनही फसवू शकतो, एवढा विचार त्यांच्याकडे शिल्लक होता. त्या रात्री, जेवणाची ताटं तशीच झाकून ठेवलेली असताना, मला सेरंगूनच्या बाईंचं ते 'आता तुझी पाळी' आठवलं. आईंना हमी हवी होती, आणि हमी कुणाची चालते हे मला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं बेडरूममध्ये दार लावून बसलो. आई हॉलमध्ये, फोन मांडीवर. मी नंबर लावला, स्पीकर सुरू केला. त्यांनी उचलला. मी डोळे मिटून घेतले.

"बॉम्बे, धिस इज सिंगापूर. ऐकू येतंय?"

दाराच्या फटीतून त्यांचा आवाज आधी आला आणि फोनमधून तोच आवाज जरासा मागून. एकच बाई दोन ठिकाणी असल्यासारखी. "येतंय, सिंगापूर. किती दिवस गं!"

"तुमचा पी. पी. कॉल लागला. पार्टी तपासली आहे." मी नवऱ्याचं पूर्ण नाव सांगितलं, त्यांनी सांगितलं होतं तसं. "युवर पार्टी इज ऑन द लाईन."

मी फोन त्याच्या हातात दिला.

"आई," तो म्हणाला.

मग हुंदका आला, आधी दारातून, मग फोनमधून. "अरे, कुठे होतास तू? जेवतोस ना नीट?"

तो म्हणाला, जेवतो. म्हणाला, जहाजाचं नेट बंद होतं. आईंनी त्याची चांगली खरडपट्टी काढली आणि तो डोळे पुसत हसत होता. मग त्याने विचारलं, "घरी कोण आहे गं सोबत?"

"सून आहे. आणि एक आहेत, खोली घेतलेले. आधी मी घाबरले होते त्यांना, पण नाही रे, चांगले आहेत. अगदी कमी बोलतात. माझी औषधं काढून ठेवतात." आई थांबल्या. "एकटेच बसतात बिचारे. त्यांची आई कुठे असते कुणास ठाऊक. तिच्याशी बोलताना काही मी त्यांना पाहिलं नाही."

नवऱ्याने फोन छातीशी धरला. दारातून आवाज आला, "ऐकू येतंय?"

"येतंय, आई."

"मग बोल ना. कधी येतोस?"

"लवकरच."

फोन ठेवल्यावर त्याने तोंड धुतलं, चहा टाकला आणि कप घेऊन हॉलमध्ये गेला. आईंचा चेहरा कितीतरी दिवसांनी फुलला होता. त्यांनी त्याच्या हातून कप घेतला, सोफ्यावर जरा सरकून त्याच्यासाठी जागा केली आणि म्हणाल्या, "बसा. माझ्या मुलाचा फोन आला होता आत्ता. तुम्हीही तुमच्या आईला एकदा करा हो. ती वाट बघत असेल."

त्याने त्यांच्याकडे पाहिलं, ओठ घट्ट मिटून घेतले, आणि मान हलवली.